मोडीचे तांबे

एखादी चाल, संस्था किंवा माणूस निकामी ठरला की आपण सहज 'मोडीत काढला' असे म्हणतो. या मोडीचा मोडी लिपीशी काही संबंध नाही. मोड म्हणजे फुटलेले, चेपलेले, बुडाशी भोक पडलेले तांब्यापितळेचे भांडे. ते कासाराकडे न्यायचे, तागडीत टाकायचे आणि वजनाचे पैसे घेऊन घरी यायचे. हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, त्याअर्थी हा व्यवहार घरोघरी होत असला पाहिजे. आणि तो होतच होता.

बेळगावच्या बोगारवेशीतून रोज हजारो माणसे येतात-जातात. आता त्या जागेला धर्मवीर संभाजी चौक म्हणतात, पण रिक्षावाल्याला बोगारवेस म्हटले तरच पटकन कळते. बोगार म्हणजे कानडी मुलखातले कासार, तांब्यापितळेच्या भांड्यांचा धंदा करणारे. आपला तांब्या शेजारणीच्या घरी तंबिगे होतो, हंड्याची हंडे होते आणि घाट उतरून गोव्यात गेले की पाण्याच्या घागरीला कळसो म्हणतात. नावे तीन झाली तरी तागडीला त्यातले काही ऐकू येत नव्हते.

तांब्याची एवढी जपणूक का, याचे उत्तर जमिनीत आहे. आपल्या काळ्या दगडाच्या मुलखात तांब्याची खाण नाही. खेत्री आणि सिंहभूम इथून फार दूर. सतराव्या शतकात डच व्यापाऱ्यांनी जपानचे तांबे नागासाकीहून हिंदुस्थानच्या बंदरांत आणून विकले. वेंगुर्ल्याला त्यांची वखारही होती. पुढे अठराव्या शतकात इंग्रज कंपनीने विलायती तांब्याचा व्यापार वाढवला. सातासमुद्रांपलीकडून आलेला धातू कोण फेकून देणार? तो घरात आला की घरातच राही. घागर झिजली की मोड आणि मोडीतून पुन्हा घागर.

नाण्याचेही तेच. शिवाजी महाराजांची शिवराई, एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', वजनाने साधारण तोळाभर. तिची चाल एवढी भक्कम की १८३५ नंतर कंपनीचे एकछापी पैसे आले तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती दक्षिणेत हाताहातांतून फिरत होती. अशा नाण्याची पत त्यातल्या धातूवर असे. म्हणून नाणे आणि भांडे यांत फार अंतर नव्हते. तांबे महाग झाले की पैसा वितळवावा, पैशाची गरज पडली की भांडे विकावे.

पण भांडे विकताना एक गोष्ट कायमची जाई. ती म्हणजे घडणावळ. तांबटाने पत्रा तापवून, ठोकून, हजारो ठोक्यांनी घागरीचा गळा काढलेला असे. घेताना त्या मजुरीचे पैसे वेगळे मोजलेले असत. मोडीत ती मजुरी शून्य. शिवाय लोखंडी कडीचे वजन वजा, डाक लावलेल्या जागेची घट वजा, आतली कल्हई म्हणजे भेसळ, तिचीही घट. त्या मोडीवर नवे भांडे घेतले तर दुकानदार भावात थोडा सैल होई. रोख मागितली की आवळला. आणि विकायला आलेल्या बाईला बहुधा रोखच हवी असे.

बाईला, हे मुद्दाम म्हणतो. शेत, घर, बैल पुरुषाच्या नावे. दागिना तिचा, पण तो मोडला की गळा बोडका दिसे आणि चार घरांत बोलणे होई. फडताळाच्या वरच्या फळीवरचे लग्नातले सतेले गेले तर कोणाला कळणार? मुलाची फी, माहेरचे आजारपण, नवऱ्याला सांगता न येणारी उसनवारी, असे किती खर्च त्या फळीवरून भागले असतील याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. जुन्या भांड्यांच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नावे कोरलेली असत: कोणाला, कोणाकडून, कधी. तिच्या मालकीचा लेखी पुरावा बहुधा एवढाच.

कायद्याने या फळीला थोडे कुंपण घातले होते. १९०८ च्या दिवाणी कार्यसंहितेच्या कलम ६० प्रमाणे ऋणकोची, त्याच्या बायकोची आणि मुलांची गरजेपुरती वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांवर जप्ती आणता येत नाही. ही तरतूद आजही आहे. सावकाराला कोर्टामार्फत जे नेता येत नव्हते ते हप्ता भरण्यासाठी घरच्या बाईने आपण होऊन विकले तर मात्र कायद्याची हरकत नव्हती.

या साठ्याची खरी परीक्षा दुष्काळात झाली. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने बेळगाव, धारवाड, कलादगी, सोलापूर हे जिल्हे होरपळून काढले. त्या दिवसांत मुंबईच्या टांकसाळीत लोकांचे चांदीचे दागिने वितळायला आले. तांब्यापितळेचे दुखणे चांदीपेक्षाही वाईट होते. टांकसाळीच्या दारी चांदीला निदान काही ठरलेली किंमत होती. भांड्याचे गिऱ्हाईक गावातलेच, आणि गावातला प्रत्येक जण विकायलाच निघालेला. धान्य चढते आणि भांडे उतरते. पोट भरण्यासाठी जपलेले तांबे नेमके पोटाच्या वेळी सर्वांत स्वस्त जाई. त्याच १८७७ साली लंडनला धातूंचा वायदेबाजार, लंडन मेटल एक्स्चेंज, सुरू झाला. या दोन गोष्टींचा त्या वर्षी एकमेकींशी काही संबंध नव्हता. पुढे मात्र जडला.

दुसऱ्या महायुद्धात सरकारलाच धातू पुरेना. १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला, आधीच्या पैशापेक्षा निम्म्याहूनही हलका. १९५७ चा नवा पैसा ब्राँझचा होता, पण १९६५ मध्ये पैसा अल्युमिनियमचा झाला आणि नाण्यातले तांबे पुसट होत गेले. १९७१ मध्ये तर छोटी नाणी वितळवू नयेत म्हणून स्वतंत्र कायदाच करावा लागला.

स्वयंपाकघरातही याच सुमारास उलथापालथ झाली. अल्युमिनियम आधीच शिरले होते. १९७० च्या सुमारास तर बेळगावातच त्याचा कारखाना उभा राहिला. स्टेनलेस स्टीलने तांब्याला खरा धक्का दिला. त्याला कल्हई नको, चिंच-राख नको, पदार्थ कळकत नाही. ज्या बायकांनी आयुष्यभर राखेने हात झिजवले त्यांना हे सुटकेसारखे वाटले, आणि त्यात त्यांचे काय चुकले? दोन पिढ्यांची घागर-घंगाळे पाच-सहा डब्यांच्या बदल्यात गेली. जुन्या गोष्टींवर गहिवरणाऱ्यांनी (त्यात बहुधा आपण पुरुषच असतो) थंडीच्या पहाटे एक हंडा घासून पाहावा. पण एक फरक त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला नाही. स्टीलच्या डब्यावरही नाव घालून मिळे, मात्र तो विकायला नेला तर कवडीमोल. फळी भरलेली राहिली, तिच्यामागचा पैसा गेला.

आज दुकानात मोड येते ती मुख्यतः तारेची: जळालेल्या पंपाच्या मोटारीचे वाइंडिंग, फ्रीजच्या नळ्या. भाव फोनवर कळतो आणि तो लंडनच्या बाजारावरून हलतो; मे २०२४ मध्ये तिथे तांबे टनाला दहा हजार डॉलरांच्या वर गेले होते. घरातून भांडे क्वचितच येते. देवघरातले ताम्हन आणि पळी-पंचपात्री राहिली, गोव्यात फेणीच्या भट्टीवर तांब्याचे भाण राहिले. अधूनमधून एखादा बंब किंवा घंगाळ निघालेच तर दुकानदार ते तागडीत टाकण्याआधी बाजूला ठेवतो. शहरातल्या हॉटेलांना आणि बंगल्यांना शोभेसाठी अशा वस्तू हव्या असतात, आणि तिथे त्यांचा भाव वजनावर नव्हे, नगावर ठरतो.