ग्रहण, सोनोग्राफी आणि पहिले अठ्ठावीस दिवस

मुळशी तालुक्यातले उरवडे असो की पुण्यातली एखादी पेठ, बाळ व्यंग घेऊन जन्मले की पहिला प्रश्न आईलाच विचारला जातो : "ग्रहण पाळलं नव्हतंस का?" कवटीचे छप्परच नसलेल्या बाळाबाबत या प्रश्नाचे खरे उत्तर शोधायला विज्ञानाला दीडशेहून अधिक वर्षे लागली.

१८२६ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जोफ्रॉय सेंतिलेअर यांनी इजिप्तमधील एक ममी तपासली. पवित्र प्राण्यांच्या दफनभूमीत सापडल्याने ती माकडाची समजली गेली होती. प्रत्यक्षात ते माणसाचे मूल होते. त्याच्या कवटीचा वरचा भाग आणि मेंदू तेवढा बनला नव्हता. या व्यंगाला अनेन्सेफली म्हणतात.

हे कसे घडते? गर्भाच्या पाठीवरील एका पट्टीच्या कडा उचलल्या जाऊन तिची नळी बनते. याच नळीतून मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात. गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत ती मिटते. डोक्याकडचे टोक उघडेच राहिले, तर त्यावर कवटी धरत नाही आणि उघडा मेंदू गर्भजलात झिजून जातो. असे बाळ जन्मले तरी बहुधा काही तास किंवा दिवसच जगते.

१९७२ साली लंडनमध्ये स्टुअर्ट कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी सतराव्या आठवड्यात सोनोग्राफीने हे व्यंग ओळखले. आज ते बाराव्या आठवड्याच्या सुमारासही दिसू शकते. पण निदान उशिरा झाले तर? आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला वीस आठवड्यांची मर्यादा घातली होती. २०१६ मध्ये मुंबईतील एका स्त्रीला याच व्यंगामुळे चोविसाव्या आठवड्यात थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. केईएम रुग्णालयातील डॉक्टरांच्या मंडळाचा अहवाल पाहून न्यायालयाने परवानगी दिली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास ही मर्यादा लागू होत नाही.

प्रतिबंधाचा मार्ग १९९१ मध्ये स्पष्ट झाला. आधीच्या खेपेस असे व्यंग झालेल्या स्त्रियांना फॉलिक आम्ल दिल्यावर, सात देशांतील चाचणीत, ते पुन्हा होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. मात्र नळी मिटते तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून मूल हवे असे ठरवतानाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल सुरू करावे लागते. शाळेत दर आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीतही फॉलिक आम्ल असते, पण ती रक्तक्षयासाठी आहे. तिच्यावर विसंबून चालणार नाही.

वर्गात गोळ्या वाटताना हे दोन मिनिटांत सांगता येईल. उद्या त्या मुलींपैकी कुणालाही ग्रहणाचा जाब द्यावा लागू नये.