फरारबाईंची चौतीस वर्षे



या स्मरणिकेत प्रत्येकजण आपल्या एखाद्या सरांविषयी नाहीतर बाईंविषयी लिहिणार हे ठाऊक असल्यामुळे मी जरा मागे गेले आहे. चांगली पावणेदोनशे वर्षे मागे. ज्या बाईंविषयी मी लिहिते आहे त्यांनी आपल्यापैकी कुणालाच शिकवलेले नाही. पण आपल्या नगरात मुलींच्या हाती पाटी देण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातले, त्यांत त्यांचे नाव फार वरचे आहे. (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले. मी जुन्या काळाविषयी लिहिते आहे, म्हणून आपल्या तोंडचे ‘नगर’च ठेवते.)

त्यांचे नाव सिंथिया फॅरार. मराठी पुस्तकांत त्या ‘फरारबाई’ म्हणूनही भेटतात. मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. महात्मा फुल्यांच्या धड्याच्या वेळी मी हे नाव घेतले की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. फरार झालेल्या बाई! आमच्याही वर्गात पिकली होती. कुणी पिकवली ते इथे लिहीत नाही, तो गृहस्थ मेळाव्याच्या समितीत आहे.

फॅरार यांचा जन्म १७९५ चा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मार्लबरो गावचा. तिथे आणि पुढे बॉस्टनमध्ये त्या शाळेत शिकवत. त्याच बॉस्टनमधून ‘अमेरिकन बोर्ड’ ही संस्था परदेशी मिशनरी पाठवीत असे. तिचे पहिले लोक, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ मध्ये मुंबईत उतरले तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा घाट घातला होता. ते कसेबसे टिकले. १८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. एकीच्या अनेक झाल्या आणि मग खरी अडचण सुरू झाली. या शाळांवर देखरेख कोण करणार? मिशनऱ्यांच्या बायका स्वतःची मुले, घर आणि सततची आजारपणे सांभाळून शाळा बघत. त्यांतली एखादी अंथरुणाला खिळली की तिच्या वाट्याच्या शाळा पोरक्या. तेव्हा मुंबईहून बॉस्टनला मागणी गेली की केवळ मुलींच्या शाळांसाठी एक शिक्षिका पाठवा.

ही मागणी बोर्डाला सोपी नव्हती. लग्न न झालेली बाई समुद्रापार पाठवायची म्हणजे तिने राहायचे कुठे, तिचे रक्षण कोण करणार, लोक काय म्हणतील! हे प्रश्न आपल्याला ओळखीचे वाटतील. आपल्यातल्या कितीजणींना पुण्याला शिकायला जाताना घरी हेच ऐकावे लागले. शेवटी बोर्ड राजी झाले आणि १८२७ च्या जूनमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, फॅरार जहाजावर चढल्या. सोबत अ‍ॅलन आणि स्टोन ही दोन मिशनरी जोडपी होती. कलकत्त्यामार्गे मुंबई गाठायला डिसेंबर उजाडला.

अमेरिकेने परदेशी पाठवलेली पहिली अविवाहित स्त्री मिशनरी असे त्यांच्याविषयी लिहिले जाते. त्याला एक तळटीप जोडायला हवी. त्यांच्या पाच वर्षे आधी बेट्सी स्टॉकटन ही काळी स्त्री हवाई बेटांकडे निघाली होती. ती जन्माने गुलाम, पुढे मुक्त झालेली. तिने तिथे सामान्य लोकांसाठी शाळाही चालवली. पण ती एका मिशनरी कुटुंबाबरोबर गेली होती, निम्मी मदतनीस आणि निम्मी मिशनरी अशा करारावर. म्हणून पहिलेपणाचा मान तिच्याकडून निसटला. इतिहासात ‘पहिले’ कोण हे ठरवताना मोजणारा कोण आहे तेही पाहावे लागते, असे मी मुलांना सांगत असे.

तशा फॅरारही पूर्ण मिशनरी नव्हत्याच. बोर्डाच्या यादीत बायकांची नोंद ‘सहायक मिशनरी’ अशी असे. मिशनच्या बैठकीत मत देण्याचा अधिकार पुरुषांना. स्वतःचे बिऱ्हाडही नाही. एकट्या बाईने कुठल्यातरी मिशनरी कुटुंबात राहायचे अशी रीत होती, म्हणजे जन्मभर दुसऱ्याच्या घरातली एक खोली. घरच्या पत्राचे उत्तर यायला वर्ष लागे, कारण टपाल आफ्रिकेला वळसा घालून जात असे. आणि माणसे पटापट जात. हॉल १८२६ मध्येच नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेले होते. फॅरार यांच्या जहाजावरच्या सोबतिणींपैकी मायरा अ‍ॅलन १८३१ मध्ये मुंबईत वारल्या आणि स्टोनबाईही त्यानंतर दोन-तीन वर्षांत गेल्या. एका जहाजातून तीन बायका उतरल्या होत्या. सात वर्षांच्या आत एकटी उरली, तीही जिच्या एकटेपणाची बोर्डाला काळजी होती तीच.

त्यांच्या रोजच्या कामाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण ‘मिशनरी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकतर संत येतो नाहीतर सैतान. बाजारपेठेतल्या भाड्याच्या खोलीत भरणारी शाळा येत नाही.

तेव्हाची मुलींची शाळा म्हणजे अशीच एखादी खोली किंवा ओटा, दहा-वीस ते चाळीस मुली आणि एक पंतोजी. पंतोजी बहुधा ब्राह्मण आणि अर्थात हिंदू, कारण लिहितावाचता येणारी बाई शिक्षिका म्हणून मिळणार कुठून? पंतोजींचा पगार किती मुली आल्या आणि किती शिकल्या यावर ठरे. म्हणून हजेरीपट फुगवणे हा उद्योग तेव्हाही होता (नंतरच्या काळाविषयी मी काही बोलत नाही). देखरेख करणाऱ्या बाईने ऊन चढायच्या आत एका शाळेतून दुसरीत जायचे, मुली मोजायच्या, प्रत्येकीचा धडा ऐकायचा, पाटी बघायची, शिवणाचे टाके तपासायचे. बालबोध आणि मोडी अक्षर, बेरीज-वजाबाकी, शिवण असा अभ्यास. मुली याव्यात म्हणून कधी खणाचा तुकडा, कधी खाऊ. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की लग्न आणि शाळेला रामराम. म्हणजे जिला वाचता येऊ लागले तीच जायची आणि पाटी पुन्हा कोरी. १८२९ च्या सुमाराला मुंबईतल्या या शाळांत चारशेच्या आसपास मुली होत्या. आकडा मोठा दिसतो, पण तो गळक्या हंड्यातल्या पाण्यासारखा होता. रोज ओतत राहिले तरच टिकणारा.

त्यात शिकलेल्या बाईचा नवरा मरतो ही समजूत. ही मी पुस्तकात नाही, आमच्या आजीच्या तोंडून ऐकली आहे. ती पारनेर तालुक्यातली. जन्मभर अंगठा उठवत आली, आणि आईला मराठी चौथीपर्यंत शिकवले ते आजोबांनी, आजीशी भांडून. फॅरार यांना याच्या शंभर वर्षे आधी किती आज्यांना तोंड द्यावे लागले असेल!

आता धर्माच्या धड्यांविषयी. ते बाजूला ठेवून फक्त ‘शिक्षणकार्य’ सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती पटत नाही. फॅरार ख्रिस्ताची शिकवण देण्यासाठी आल्या होत्या आणि शाळा हे त्यांच्या लेखी त्याचे साधन होते. त्यांनी ते लपवले नाही. अक्षरे जुळू लागली की मुली बायबलातल्या गोष्टी वाचत, दहा आज्ञा पाठ करत, आणि धर्माची प्रश्नोत्तरे एका सुरात म्हणत. देवाला कोणी निर्माण केले, पाप म्हणजे काय, असले प्रश्न शेंडीवाले पंतोजी विचारत आणि परकऱ्या मुली उत्तरे देत. संध्याकाळी तेच पंतोजी घरी जाऊन संध्या करत. रविवारी शाळेसह प्रार्थनेला हजर राहणे हाही त्यांच्या नोकरीचा भाग. हे दृश्य कुणाला दांभिक वाटेल. मला त्यात दोन्ही बाजूंची गरज दिसते. पंतोजींना पगार हवा होता, मिशनला पंतोजी, आणि मुलींना मधल्यामध्ये अक्षर मिळत होते.

पालकांची भीती खोटी होती का? नव्हती. मुलगी शिकेल पण आपली राहणार नाही, ही भीती कुणालाही वाटेल. धर्मांतराची एखादी घटना झाली की आठवड्यात शाळा ओस पडत. नगरमध्ये १८३९ मध्ये हरी रामचंद्र खिस्ती आणि त्यांचे बंधू नारायण यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा केवढी खळबळ उडाली असेल याची कल्पना करावी. आणि नेमक्या त्याच वर्षी फरारबाई नगरला आल्या. मुंबईत प्रकृती ढासळल्यामुळे १८३७ मध्ये त्या अमेरिकेला परतल्या होत्या. घर, बहर आलेली सफरचंदाची झाडे, आपली भाषा, सगळे पुन्हा मिळाले होते. वय चव्वेचाळीस. तिथेच राहिल्या असत्या तर कुणी नाव ठेवले नसते. त्या परत आल्या, आणि आल्या त्या मुंबई सोडून थेट घाटावर.

नगरचे मिशन १८३१ च्या अखेरीस सुरू झाले होते. कोरडी हवा, इंग्रजांची छावणी आणि आजूबाजूला पसरलेली खेडी ही ठिकाण निवडण्याची कारणे. त्या काळी रेल्वेचे नाव नाही. दौंड-मनमाड मार्ग नगरला आला १८७८ मध्ये, बाईंच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. निजामशाहीतल्या खापरी नळांवर पाणी पिणारे, वैभव ओसरलेले, तटबंदीतले गाव. तिथे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मुली मोजायच्या, धडा ऐकायचा, टाके बघायचे. याला नऊ वर्षे झाली आणि १८४८ मध्ये पुण्याहून एक एकवीस वर्षांचा तरुण शाळा बघायला आला.

जोतीराव फुले नगरला आले ते आपले मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासोबत. स्वतः जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे मिशनची शाळा त्यांना नवी नव्हती. नवी होती ती मुलींची शाळा. १८५३ मध्ये ‘ज्ञानोदया’त आलेल्या हकिकतीत त्यांनी आपल्या शाळांमागचे कारण सांगताना फरारबाईंच्या या शाळांचे नाव घेतले आहे. (‘ज्ञानोदय’ हे मासिकही नगरचेच, १८४२ चे.) त्याच १८४८ साली पुण्यात भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

जोतीरावांनी नगरहून काय नेले आणि काय नेले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. वर्ग, पाटी, मुलींची रांग, तपासणी हे सगळे त्यांनी नेले. प्रश्नोत्तरांचे पुस्तक नेले नाही. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यांच्या शाळेत बसणाऱ्या मुलीच्या आईला ‘मुलगी बाटेल’ ही धास्ती घ्यावी लागली नाही. बाकी विरोध झाला तो सर्वांना माहीत आहे. बाईंच्या हिशेबाने हे यश होते की अपयश? ज्या कामासाठी त्या आल्या होत्या ते यातून झाले नाही. जे झाले ते त्यांच्या कल्पनेपेक्षा मोठे होते. माझ्यापुरते म्हणाल तर साधनच साध्यापेक्षा टिकाऊ निघाले, आणि ते टिकाऊ निघाले कारण बाईंनी ते वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे वापरले होते. शाळा नुसता बहाणा असती तर एकवीस वर्षांच्या चाणाक्ष तरुणाने ते दारातच ओळखले असते.

शेवटी शेवटी त्यांच्याच बोर्डाने त्यांच्या कामावर प्रश्नचिन्ह लावले. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन मिशनची पाहणी करायला हिंदुस्थानात आले. त्यांचे मत ठाम होते. मिशनने उपदेश करावा आणि देशी मंडळ्या उभ्या कराव्यात. शाळा त्या कामाला लागतील तेवढ्याच. नगरची इंग्रजी शाळा त्या धोरणात बंद झाली. विशेष म्हणजे १८५४ मध्येच वुडचा खलिता आला होता आणि सरकार पहिल्यांदा स्त्रीशिक्षणाला पाठिंब्याची भाषा बोलत होते. सरकार शाळांकडे वळत असताना मिशन शाळांपासून मागे सरत होते. ज्यांना बैठकीत मत नव्हते त्या बाईंनी आपले काम चालू ठेवले.

२५ जानेवारी १८६२ रोजी त्या नगरमध्येच वारल्या. वय सहासष्ट. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून चौतीस वर्षे, त्यांतली मधली दोन सोडली तर सगळी इथली. तिकडे अमेरिकेत गुलामगिरीवरून यादवी युद्ध पेटले होते. पुढे १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले. अमेरिकन लोक त्यांना नुसते पुस्तकातून ठाऊक नव्हते, त्यांच्यातल्या एकीचा वर्ग त्यांनी नगरला उभे राहून पाहिला होता.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी काहींची घराणी नगरमध्ये सहा-सात पिढ्यांपासून आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत, देवघराच्या फडताळात, किंवा जुन्या बायबलच्या कोऱ्या पानावर मिशनच्या मुलींच्या शाळेचा एखादा कागद, एखादे बक्षिसाचे पुस्तक, मुलीच्या हातची मोडी अक्षरे असतील तर रद्दीत घालू नका. मेळाव्याला येताना घेऊन या; दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर मी जुन्या ग्रंथालयाच्या खोलीत बसलेली असेन.