शहरातले हॉटेल आणि डोंगरावरचे हॉटेल

गेल्या वर्षी फाल्गुनात आमच्या युनियनच्या कचेरीत एक जुने सभासद आले. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षे फिटरकाम करून निवृत्त झालेले हे गृहस्थ. मुलगा कॅनडात नोकरीस आहे. त्याने आईवडिलांस उन्हाळ्यात बोलावले होते आणि विचारले होते की, फिरावयास निघाल्यावर मुक्काम टोराँटोसारख्या शहरातील हॉटेलात करावयाचा, की रॉकी पर्वतातील एखाद्या हवापालटाच्या हॉटेलात? बोनसपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळे आम्हांस विचारून करण्याची त्यांची सवय. म्हणाले, "भाऊ, तुम्ही चार बुकं वाचलीत. सांगा, कुठलं बरं?"

कॅनडा आम्ही पाहिलेला नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. पण प्रश्न डोक्यात राहिला. त्याचा माग काढता काढता आम्ही कॅनडाहून माथेरानला कसे पोचलो, ते आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

पैसे देऊन परक्या घरी राहावयाचे, ही कल्पना आपणां नाशिककरांस फार जुनी नाही. यात्रेकरू येई तो आपल्या क्षेत्रोपाध्यायाच्या वाड्यात उतरे. वहीत आज्या-पणज्याचे नाव निघाले की वळकटी सोडावयाची. गाडगेमहाराजांनी धर्मशाळा बांधली ती तर ज्याला उपाध्याय नाही, वहीत नाव नाही, त्याच्यासाठी. तेथे यात्रेला येत, सुट्टी घालवावयास कोणी येत नसे. कुंभमेळ्यास आलेल्या माणसास 'मजा आली का?' असे विचारून पाहावे म्हणजे फरक कळेल!

सुट्टी आली ती साहेबाबरोबर, आणि तीही प्रथम सरकारी कामकाज म्हणून. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर वसविले. पुढे मुंबई सरकारचा रिवाजच पडला: हिवाळा मुंबईस, उन्हाळा महाबळेश्वरास, पावसाळा पुण्यास. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट माथेरानच्या डोंगरावर चढला आणि तेथेही बंगले उठले. १९०७ साली आदमजी पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी आगगाडी वर नेली, तेव्हा मुंबईचा व्यापारी आणि पुढे कारकूनही तेथे पोचू लागला. पण गाडी, बंगले आणि हॉटेले यांचा एक धनी साहेबाहूनही मोठा होता. तो म्हणजे पाऊस. मृग लागला की गाडी बंद, माणसे खाली, हॉटेलांस कुलपे.

शहरातल्या हॉटेलाची जात निराळी. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल हा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून मुंबईस आणून जोडला, १८६० नंतरच्या दशकात. १८९६ च्या जुलैत हिंदुस्थानातील पहिले चलचित्र लोकांनी पैसे देऊन पाहिले ते तेथेच. ताजमहाल हॉटेल १९०३ च्या डिसेंबरात उघडले. त्याचे पहिले आराखडे काढणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी गृहस्थ होते, ही गोष्ट मुंबईकरांसही फारशी ठाऊक नसते. बोट आली की उतारू आले. आणि बोट काही मृग पाहून येत नाही. शहरातले हॉटेल बारा महिने चालते.

कॅनडातही हीच दोन घराणी दिसतात, आणि गंमत अशी की दोन्ही एकाच रेल्वेने उभी केली. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १८८८ साली पर्वतात बॅन्फ स्प्रिंग्ज आणि १८९३ साली क्विबेक शहरात शातो फ्रॉन्तनॅक अशी हॉटेले काढली. दोहोंचा नकाशा ब्रूस प्राइस या एकाच वास्तुशिल्पज्ञाचा. बॅन्फविषयी असे सांगतात की, कंत्राटदाराने नकाशा उलटा धरला, आणि नद्यांच्या खोऱ्याचा सर्वांत सुंदर देखावा मिळाला तो स्वयंपाकघरास! रेल्वेचा सूत्रधार व्हॅन हॉर्न येऊन पाहतो तो संतापला, आणि पाहुण्यांसाठी देखाव्याच्या बाजूस एक सज्जा बांधावयास लावला. आपल्या ताजबद्दलही ते उलटे बांधले गेल्याची कथा आहे. ती खरी नाही. बॅन्फची मात्र आम्हांस खरी वाटावयास हवी आहे. आचाऱ्यास आयुष्यात एकदा तरी चांगली खिडकी मिळाली.

पण तो आचारी तेथे किती दिवस उभा राही? बॅन्फ स्प्रिंग्ज हे सुमारे ऐंशी वर्षे केवळ उन्हाळ्याचे हॉटेल होते. हिवाळ्यातही ते उघडे राहू लागले ते १९६९ च्या सुमारास. तेथे बर्फ, येथे पाऊस, कुलूप तेच. पाहुणा दोन हॉटेलांची तुलना करतो ती खिडकीतून काय दिसते आणि बिल किती होते यावर. आमच्यासारख्याची नजर हजेरीपटावर जाते.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले तर एक वर्षाची सलग नोकरी धरली जाई आणि काढून टाकताना भरपाई द्यावी लागे. मुंबईच्या १९४८ च्या दुकाने व संस्था कायद्याखाली, आमच्या उमेदीच्या काळात, २१ दिवसांच्या पगारी रजेस तीच २४० ची अट होती. कमी दिवसांस कमी रजा. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने वर्षास १५ दिवसांचा पगार दिला, पण हंगामी आस्थापनेतील हंगामी कामगारास हंगामास सातच दिवसांचा. कायदा करणारे दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे साखर कारखाना असावा, माथेरान नसावे.

नव्वदीच्या दशकातील गोष्ट. आमच्या युनियनने सभासदांची सहल माथेरानला नेली. सर्वांची हक्काची रजा, मिळविण्यासाठी भांडलेली, म्हणून आम्ही ऐटीत होतो. हॉटेलात टेबलावर वाढणारा एक पोरगा होता, अकोल्याकडचा, विशीतला. आम्ही कामगारांची माणसे आहोत हे कळताच रात्री भांडी आवरल्यावर खिशातून छोटी डायरी काढून आमच्यापुढे ठेवली. दिवाळीपासून रोज एक रेघ. मागच्या हंगामाच्या रेघा त्याने मोजून ठेवल्या होत्या: २३१. "साहेब, नऊ कमी पडतात. ते नऊ दिवस मला कुठं मिळतील?"

आम्ही दुसऱ्या दिवशी मालकाकडे गेलो. मालक वाईट माणूस नव्हता. चहा दिला, आणि म्हणाला, "पाऊस मी पाडतो का?" नऊ दिवस साफसफाईस तरी ठेवा, असे आम्ही सुचविले. तो हसला. मग एकाला ठेवले तर तीस जणांस ठेवावे लागेल, हे आम्हांस त्याच्याआधी कळले. नेरळला उतरून आम्ही कायद्याची पुस्तके चाळली, सरकारी कामगार अधिकाऱ्यास पत्र लिहिले. उत्तर कायद्यास धरून आले, म्हणजे पोराच्या विरुद्ध आले. पुढच्या हंगामात तो त्या हॉटेलात नव्हता. आमच्या पत्रामुळे की काय, ही शंका अजून जात नाही.

शहरात हे सोपे होते असे नाही. १९४९ साली मंगळूरच्या हॉटेल कामगारांस संघटित करण्यास जॉर्ज फर्नांडिस उभे राहिले तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. पुढे मुंबईतही त्यांनी हेच काम केले. पण मुंबईच्या उडुपी हॉटेलातील पोरगा निदान रात्रशाळेत नाव घालू शकत होता, कारण जूनमध्येही तो मुंबईतच असे. टोराँटोच्या रॉयल यॉर्क हॉटेलात १९६१ साली हजारावर कामगारांनी संप केला. मालक तीच कॅनेडियन पॅसिफिक. कंपनीने संपकऱ्यांस कामावरून काढले. प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९६२ साली निकाल लागला की कायदेशीर संप केल्याने माणसाची नोकरी संपत नाही. तो संप शहरात झाला. डोंगरावर कोणी संप करावयाचा म्हटला तर मालकाने फक्त हंगाम संपेपर्यंत थांबावयाचे!

माथेरानात मोटारीस बंदी, म्हणून पाहुण्यास माणूस ओढून नेई. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, असा आदेश आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. छोट्या गाडीच्या पहिल्या शिट्टीनंतर ११८ वर्षांनी.

आमच्या फिटरांस आम्ही सांगितले: दोन्हीकडे राहा, आणि दोन्हीकडे खोली झाडणाऱ्यास एक प्रश्न विचारा, किती महिने काम असते? गणपतीच्या सुमारास ते परत आले. टोराँटोच्या हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाई अठरा वर्षे तेथेच होत्या. मुलाने विचारले तेव्हा आपण डिसेंबरात रजा घेऊन कोठे जाणार, हे त्यांनी उलट यांनाच सांगितले. पर्वतातल्या हॉटेलात एक तरुण होता, विद्यार्थी.

"तो काय म्हणाला?" आम्ही विचारले.

"म्हणाला, ऑक्टोबरपर्यंत आहे. मग मुलाला विचारत होता, तुमच्या शहरात कुठं जागा आहे का."