सागरकिनारी विवाह, गोव्यातील

वधूवरांच्या गावी न करता पाहुण्यांसह गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन केलेला विवाहसोहळा. हंगाम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात उघड्यावरचा मांडव कोणी सहसा धरत नाही. किनारा नियमन क्षेत्रात येत असल्याने वाळूवर तात्पुरता मांडव घालायलाही परवानगी लागते. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० नंतर बंद करावे लागत असल्याने संगीताचा कार्यक्रम लवकर उरकतात.

छायाचित्रणाचे गणित मावळतीवर बसवलेले असते. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास समुद्रात बुडतो. त्याआधीचा तिरपा, पिवळसर उजेड चेहऱ्यांना मानवतो आणि गोरज मुहूर्तही याच सुमारास येतो. मुहूर्त भर दुपारचा निघाला, तर डोळ्यांखाली सावल्या पडतात, आंतरपाट नुसता पांढरा ठिपका दिसतो. सूर्य जोडप्याच्या पाठीमागे असेल तर फ्लॅश किंवा परावर्तक हवाच. नाहीतर मुंडावळ्यांसकट दोघेही काळ्या आकृत्या होतात. दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या तळावर असल्याने त्या परिसरात ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुहूर्त पक्का करण्यापूर्वी भटजी आणि छायाचित्रकार यांची गाठ घालून द्यावी.