समाजशास्त्रात आपण कुठे आहोत?

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. यावल तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी, तडवी समाजातली. नुकतीच बी.ए. झाली आहे.

"सर, जळगावला एम.ए. करावं म्हणते, समाजशास्त्रात. पण पुस्तकं चाळली तर मार्क्स, वेबर, दुर्खीम. त्यात आमचं काय?"

मी पटकन म्हणालो, "बेटा, बी.एड. कर. नोकरीचं बघ." मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं. ती चहा घेऊन निघून गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मात्र राहिलंच. ते आज लिहितो.

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राचे अध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. अभ्यासाची रीत तिथली, प्रश्न मात्र घरून नेलेला. त्यांचं म्हणणं असं की, जातीचं मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. ही कसोटी आपल्या मोहल्ल्याला लावून बघा. मशिदीत एका सफेत उभे राहणारे आपण, रिश्ता आला की पहिला प्रश्न बिरादरीचाच विचारतो. शंभर वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये वाचलेला तो निबंध आपल्याही उंबऱ्यापर्यंत येतो.

दुसरं नाव इरावती कर्वे यांचं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकून त्या १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला की, कवटीच्या दोन बाजूंमधल्या फरकाचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूला जे हवं होतं ते आकड्यांतून निघालं नाही, म्हणून त्यांनी ते लिहिलं नाही. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात असताना त्यांनी पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारकडच्या भिल्लांचीही पाहणी केली.

तिसरे गो. स. घुर्ये, इरावतीबाईंचे मुंबईतले गुरू. मालवणचे. केंब्रिजहून पीएच.डी. घेऊन परतले आणि १९२४पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळला. हा विभाग १९१९मध्ये स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडिस यांनी सुरू केला होता. भारतातल्या समाजशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी घुर्यांनी घडवली. त्यांचं ऋण मोठं आहे. पण १९४३च्या पुस्तकात त्यांनी आदिवासींना 'मागासलेले हिंदू' म्हटलं.

इथेच माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न येऊन थांबतो. तडवी हे इस्लाम स्वीकारलेले भिल्ल. अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत आणि नमाजही पढतात. घुर्यांच्या त्या चौकटीत ते कुठे बसवायचे? आदिवासींवरच्या चर्चेत ते मुसलमान म्हणून बाजूला राहतात आणि मुसलमानांवरच्या चर्चेत आदिवासी म्हणून. 'आमचं त्यात काय?' असं ती म्हणाली, ते खरंच आहे. ती जागा रिकामी आहे. पण बाहेरचं कुणी येऊन ती भरेल, याची वाट का बघायची?

मार्क्स, वेबर वाचावे लागतीलच. इंग्रजीशीही झगडावं लागेल. नोकरीची चिंता खोटी नाही. नेट-सेट पास झाल्याशिवाय कॉलेजचं दार उघडत नाही. पण मी तिला नोकरीची वाट सांगताना तिचा प्रश्नच तिच्या हातातून काढून घेत होतो. शिक्षकाने हे करू नये.

परवा तिला फोन केला. "फॉर्म भर," म्हटलं.

"सर, तुम्हीच तर बी.एड. म्हणाला होतात."

"चुकलो, बेटा. आणि प्रवेश मिळेपर्यंत एक काम कर. दादीजवळ बस. घरातली लग्नं कुठे कुठे झाली, कुठे होऊ दिली नाहीत, ते विचार. वहीत लिहून ठेव."