दोनदा पोरका झालेला हेर

इयान फ्लेमिंग याच्या ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या कादंबरीत अखेरीस एक मृत्युलेख येतो. जपानात कामगिरीवर गेलेला जेम्स बाँड परत आला नाही. तेव्हा त्याचा वरिष्ठ ‘एम’ लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रासाठी त्याचे अल्प चरित्र लिहितो. बाँडचा बाप स्कॉटिश होता, आई स्विस होती, आणि मुलगा अकरा वर्षांचा असताना दोघेही शामोनीजवळच्या डोंगरात गिर्यारोहण करताना अपघातात गेली, हे वाचकांना या लेखातून कळले. पोरक्या मुलाला एका आत्याने वाढविले. ही कादंबरी १९६४ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाली. बाँड मेला नव्हता. स्मृती गमावून तो एका कोळ्यांच्या बेटावर राहत होता. पण त्याच वर्षी १२ ऑगस्टला, वयाच्या ५६ व्या वर्षी, फ्लेमिंग मात्र खरोखरच गेला. मृत्युलेख नायकाचा छापला गेला आणि मृत्यू लेखकाला आला! पोरका बाँड दुसऱ्यांदा पोरका झाला.

त्या मृत्युलेखात फ्लेमिंगने एक खोडी करून ठेवली आहे. बाँडच्या एका जुन्या मित्राने व सहकाऱ्याने त्याच्यावर काही लोकप्रिय पुस्तके लिहिली आहेत, असे ‘एम’ नाखुशीने नमूद करतो. म्हणजे फ्लेमिंगने जनकाचे आसन सोडून आपण होऊन बखरकाराची जागा पत्करली. आता बखरकार गेला तर दुसरा नेमता येतो. बाप तसा नेमता येत नाही. बाँड हा फ्लेमिंगच्या वाक्यांतच जगणारा प्राणी, की कोणाही जाणत्या माणसाने ज्याची बखर लिहावी असा स्वतंत्र पुरुष? बाँडभक्तांत साठ वर्षे जे भांडण चालू आहे, त्याचे मूळ या प्रश्नात आहे.

भांडणाचा आरंभ मात्र लेखकाच्या हयातीतच झाला. पहिली कादंबरी ‘कॅसिनो रॉयल’ १९५३ ची. पुढे पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’ पत्राने या कादंबऱ्यांवरून रोजची चित्रकथा सुरू केली. फ्लेमिंगला ही कल्पना आरंभी रुचली नव्हती. पुस्तकांचा दर्जा घसरेल, आणि त्याहून वाईट म्हणजे लेखकालाच आतून कीड लागेल, असे भय त्याला वाटे. अखेर तो राजी झाला. नायक कसा दिसावा याचे एक चित्रही त्याने काढवून घेतले. पण चित्रकार जॉन मॅक्लस्की याला तो चेहरा जुन्या जमान्यातला वाटला, आणि त्याने आपला बाँड अधिक राकट, अधिक रुंद जबड्याचा केला. शॉन कॉनरी १९६२ मध्ये पडद्यावर आला, त्याच्या चार वर्षे आधीच इंग्रज वाचकाला रोज सकाळी चहाबरोबर बाँडचे मुखदर्शन घडत होते.

या चित्रकथेची कहाणीही एखाद्या कादंबरीसारखी आहे. १९६२ मध्ये फ्लेमिंगने आपली एक लघुकथा ‘संडे टाइम्स’ला दिली. ‘एक्स्प्रेस’चे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक इतके संतापले की त्यांनी चालू असलेली ‘थंडरबॉल’ची चित्रकथा अर्ध्यावर गुंडाळून टाकली. समेट होऊन ती पुन्हा सुरू व्हावयास १९६४ साल उजाडले. १९६६ पासून जिम लॉरेन्स हा अमेरिकन लेखक आणि यारोस्लाव होरॅक हा चित्रकार अशी जोडी जमली. ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ ही कादंबरी एका तरुणीने स्वमुखाने सांगितली आहे आणि तिच्यात बाँड येतो तो शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. रोजच्या चित्रकथेचा नायक इतके दिवस गैरहजर राहून कसे चालेल? तेव्हा लॉरेन्सने पूर्वार्धासाठी नवी कथा रचली आणि मूळ कथा तिला मागून जोडली. तिकडे जपानात ताकाओ साइतो यानेही १९६४ पासून बाँडच्या चित्रकथा काढल्या, आणि तो हात बसल्यावर १९६८ मध्ये ‘गोल्गो १३’ हा आपला स्वतंत्र नायक उभा केला.

चित्रकथेने बाँडला चेहरा दिला हे खरे. पण एक गोष्ट तिला सहसा देता आली नाही. ‘गोल्डफिंगर’ उघडते ती मायामीच्या विमानतळावर. बाँड एकटाच बसला आहे, आणि मेक्सिकोत नुकत्याच मारलेल्या एका माणसाचा मृत्यू त्याच्या मनातून जात नाही. ‘कॅसिनो रॉयल’मध्ये इस्पितळातल्या खाटेवर पडून तो चांगले कोणते नि वाईट कोणते याचा काथ्याकूट करतो, नोकरी सोडण्याच्या गोष्टी बोलतो. हा थकणारा, शंकित बाँड चौकटीत मावत नाही. चौकटीला पिस्तूल हवे असते, धावणारी मोटार हवी असते.

फ्लेमिंगमागून आलेल्या कादंबरीकारांची कसोटीही नेमकी इथेच लागली. पहिला मान किंग्जली एमिस या नामवंत कादंबरीकाराचा. फ्लेमिंगच्या शेवटच्या कादंबरीचे हस्तलिखित मत देण्यासाठी त्याच्याकडेच गेले होते, आणि बाँडवर त्याने १९६५ मध्ये एक अभ्यासपूर्ण पुस्तकही लिहिले होते. १९६८ मध्ये ‘रॉबर्ट मार्कम’ या टोपणनावाने त्याची ‘कर्नल सन’ निघाली. तीत प्रत्यक्ष ‘एम’लाच पळवून नेतात आणि बाँड त्याच्या शोधार्थ ग्रीसला जातो. आपल्याकडे जुन्या काळी दत्तक घ्यावयाचे तर विधवेची संमती मोलाची. इथे फ्लेमिंगची विधवा अ‍ॅन हिचाच या उपक्रमाला कडाडून विरोध होता! तिने लिहिलेले परखड परीक्षण त्या वेळी छापले गेले नाही. गंमत म्हणजे ‘एक्स्प्रेस’ने थोड्याच दिवसांत ‘कर्नल सन’चीही चित्रकथा केली, म्हणजे चित्रकथेपुरता तरी हा दत्तक घराण्यात रुळला.

त्यानंतर १९८१ मध्ये जॉन गार्डनर आला. फ्लेमिंगची बाँडपुस्तके एकूण १४. गार्डनरच्या स्वतंत्र बाँड-कादंबऱ्याही १४ झाल्या. विशेष हे की याच गार्डनरने १९६४ मध्ये भित्र्या, आळशी हेराची कथा लिहून बाँडची टर उडविली होती. त्याने बाँडला त्या काळात आणले, सौम्य सिगारेट दिली आणि स्वीडिश ‘साब’ मोटारीत बसविले. झाले! जुने भक्त खवळले. १९९७ मध्ये रेमंड बेन्सन हा पहिला अमेरिकन वारस आला. हा मुळातला भक्त. बाँडविषयी जाडजूड ग्रंथ लिहिलेला. त्याने १९९९ मध्ये बाँडला थेट कांचनगंगेवर चढविले. ज्याचे आईबाप डोंगराने नेले, त्यालाच हिमालयात धाडावे ही कल्पना खचित फ्लेमिंगला शोभणारी आहे.

फ्लेमिंगच्या जन्मशताब्दीस, २००८ मध्ये, सेबॅस्टियन फॉक्सने ‘डेव्हिल मे केअर’ लिहिली आणि कथा १९६७ सालात ठेवली. तेव्हापासून दोन पंथ उघड पडले. जेफ्री डीव्हरने २०११ मध्ये बाँडला अफगाणिस्तानात लढून आलेला आजचा तरुण केला. विल्यम बॉइडने २०१३ मध्ये त्याला पुन्हा १९६९ मध्ये नेले. अँथनी होरोविट्झच्या तीन कादंबऱ्या (२०१५ ते २०२२) फ्लेमिंगच्याच काळात घडतात, आणि पहिल्या दोहोंत फ्लेमिंगने दूरचित्रवाणीसाठी करून ठेवलेली अप्रकाशित टिपणेही वापरली आहेत. २०२२ मध्ये किम शेरवुडने तर बाँडलाच बेपत्ता ठरवून त्याच्या सहकाऱ्यांची कथा मांडली. चित्रकथेतही हेच. अमेरिकेतील एकाच प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये आजच्या काळातला बाँड काढला आणि २०१८ मध्ये ‘कॅसिनो रॉयल’ची मूळ काळातली चित्रकादंबरी.

या वादात काळाचा प्रश्न मला दुय्यम वाटतो. मोटार कोणती, पेय ढवळलेले की घुसळलेले, यावर भक्त तावातावाने भांडतात. पण त्यांच्या रागाच्या मुळाशी दुसरीच ओढ असते. विमानतळावर एकटा बसलेला तो माणूस त्यांना हवा असतो. ज्या वारसाने नुसते सामानसुमान उचलले, त्याचे पुस्तक वाचून विसरले जाते. ज्याने ते एकाकीपण उचलले, त्याला साल चुकले तरी वाचक क्षमा करतो. दत्तक पुत्राने आडनाव लावले म्हणजे वारसा पुरा होत नाही. घरची काळजी त्याला लागावी लागते.

आणि मूळ संहिता तरी कुठे अचल आहे? ‘लिव्ह अँड लेट डाय’मधील वर्णद्वेषी वाटणारे काही शब्द अमेरिकन आवृत्तीसाठी फ्लेमिंगच्या संमतीनेच बदलले होते. २०२३ मध्ये पुस्तके पुन्हा निघाली तेव्हा आणखी काही बदल झाले, आणि भक्तांत नवा कलह पेटला. पोरक्या मुलाच्या बाबतीत शेजारीपाजारी जितके जागरूक असतात, तितके सख्ख्या आईबापांच्या मुलाबाबत नसतात, हेच खरे.

आता हा कलह आपल्याही दाराशी आला आहे. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे ग्रंथावर हक्क राहतो. त्यामुळे फ्लेमिंगने हयातीत प्रसिद्ध केलेली पुस्तके १ जानेवारी २०२५ पासून या देशात सर्वांची झाली. ब्रिटनमध्ये त्यासाठी २०३४ साल संपावे लागेल. चित्रपटांचे आणि नंतरच्या लेखकांचे हक्क अर्थातच निराळे. ज्यूल व्हर्नला भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या घरात आणून बसविले. तसा उद्या कोणी बाँडला आणू म्हणेल, तर त्याने पिस्तुलाची बनावट शोधण्यापूर्वी मायामीच्या विमानतळावरचे ते पहिले प्रकरण दोनदा वाचावे. पोरक्या मुलाला घरात घेताना त्याचे कपडे पाहावयाचे नसतात. तो रात्री कशाने दचकून उठतो, ते आधी समजून घ्यावयाचे असते.