घरगुती काळजीवाहकाकडून होणारा छळ

घरगुती काळजीवाहकाकडून होणारा छळ म्हणजे वृद्ध, आजारी, दिव्यांग व्यक्ती किंवा लहान मूल यांच्या देखभालीसाठी पगारावर घरी नेमलेल्या व्यक्तीने त्यांना केलेली मारहाण, शिवीगाळ, उपासमार, कोंडून ठेवणे, हेतुपुरस्सर हेळसांड किंवा आर्थिक लुबाडणूक होय. भारतात या विषयासाठी स्वतंत्र कायदा नाही. पीडित व्यक्ती कोण आहे आणि काळजीवाहकाची नेमणूक थेट झाली की नर्सिंग ब्युरोमार्फत, यांवर कुटुंबाला उपलब्ध असलेले मार्ग अवलंबून असतात.

फौजदारी तरतुदी

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहिता, २०२३ या कायद्याने घेतली. साधी दुखापत करणे हा कलम ११५(२) खालील गुन्हा असून त्यास एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा आहे. हाड मोडणे यासारखी जबर दुखापत कलम ११७(२) मध्ये येते व तिची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. खोलीत कोंडून ठेवणे कलम १२७ खाली, तर नोकराने मालकाच्या ताब्यातील वस्तूंची चोरी करणे कलम ३०६ खाली येते. चोरीच्या या प्रकारालाही सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

हेळसांडीसंबंधीची तरतूद मात्र फारशी परिचित नाही. कोवळे वय, मनोविकलता, आजार किंवा शारीरिक दुर्बलता यांमुळे असहाय असलेल्या व्यक्तीची देखभाल करण्याचा करार ज्याने केला आहे, त्याने जाणूनबुजून ती देखभाल टाळल्यास कलम ३५७ लागू होते. येथे हात उगारण्याची गरज नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दिवसभर पाणी न देणे किंवा कूस न बदलणे हेही यात बसू शकते. शिक्षा मात्र जेमतेम तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, इतकीच आहे. गुन्ह्याचा पाया करार असल्याने कामाचे स्वरूप, वेळा आणि पगार लेखी असणे येथे निर्णायक ठरू शकते. प्रत्यक्षात बहुतेक नेमणुका तोंडीच होतात.

दखलपात्र व अदखलपात्र

साधी दुखापत आणि कलम ३५७ हे दोन्ही गुन्हे अदखलपात्र आहेत. त्यामुळे पोलीस ठाण्यात केवळ नोंद, म्हणजे बोलीभाषेतील ‘एनसी’, होते आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. अनेक कुटुंबांचा पाठपुरावा याच टप्प्यावर थांबतो. तथापि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४(४) नुसार एका प्रकरणातील अनेक गुन्ह्यांपैकी एक जरी दखलपात्र असला, तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र मानले जाते. कोंडून ठेवणे व चोरी हे दखलपात्र गुन्हे आहेत. म्हणून मारहाणीसोबत दार बाहेरून लावले जात होते किंवा दागिने गायब झाले, ही वस्तुस्थिती असेल तर ती पहिल्याच तक्रारीत नमूद करणे महत्त्वाचे असते.

प्रथम खबर पीडित व्यक्तीनेच द्यावी असे बंधन नाही. मुलगा, सून किंवा शेजारीही ती देऊ शकतात. कलम १७३ नुसार ती कोणत्याही पोलीस ठाण्यात किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून देता येते. इलेक्ट्रॉनिक खबरीवर तीन दिवसांच्या आत स्वाक्षरी करावी लागते, ही अट परदेशी असलेल्या मुलांना अडचणीची ठरते. पोलिसांनी नोंद नाकारल्यास पोलीस अधीक्षकांकडे व त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. साठ वर्षांवरील पुरुष, स्त्रिया, दिव्यांग आणि तीव्र आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी राहत्या जागेबाहेर बोलावता येत नाही.

दिव्यांग व्यक्ती व बालके

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील तरतुदी तुलनेने कडक आहेत. दिव्यांग व्यक्तीचा प्रत्यक्ष ताबा असणाऱ्याने तिला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारल्यास कलम ९२ नुसार सहा महिने ते पाच वर्षे कारावास व दंड होतो. पार्किन्सनचा समावेश या कायद्याच्या अनुसूचीत असल्याने अनेक वृद्ध रुग्णांनाही त्याचा लाभ मिळू शकतो. कलम ७ नुसार छळाची माहिती कोणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देऊ शकते व तो संरक्षणाचा आदेश काढू शकतो.

बालकाला सांभाळणाऱ्याने केलेल्या क्रूरतेसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ७५ आहे. लैंगिक अत्याचार असल्यास पॉक्सो कायदा, २०१२ लागू होतो आणि माहिती असूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा ठरतो.

ज्येष्ठ नागरिक कायद्याची मर्यादा

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७ येथे उपयोगी पडेल असा सर्वसाधारण समज आहे. त्यातील न्यायाधिकरण मात्र मुले व नातेवाईक यांच्याविरुद्धच निर्वाहाचा आदेश देते. पगारी सेविका त्याच्या कक्षेत येत नाही. ज्येष्ठाचा सांभाळ करणाऱ्याने त्याला कायमचे टाकून देणे हा कलम २४ खालील गुन्हा तेवढा तिलाही लागू होऊ शकतो.

ब्युरोविरुद्ध दाद

ब्युरोने पैसे घेऊन काळजीवाहक पुरवला असेल तर सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. थेट नेमलेल्या व्यक्तीविरुद्ध हा मार्ग सहसा बंद असतो, कारण वैयक्तिक सेवेचा करार कायद्यातील ‘सेवा’ या व्याख्येतून वगळला आहे. नोंदणीकृत परिचारिकेविरुद्ध महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे जाता येते; आया किंवा मावशी म्हणून काम करणाऱ्यांची अशी नोंदणी नसते.

पुरावा

घरातील कॅमेऱ्याचे चित्रण बहुधा मुख्य पुरावा असते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि बहुतेक यंत्रे जुने चित्रण काही दिवसांत पुसतात. स्नानगृहात किंवा काळजीवाहक स्त्री कपडे बदलते तेथे कॅमेरा लावणे मात्र कुटुंबावरच गुन्हा ओढवू शकते. जखमांची रुग्णालयात वैद्यकीय-कायदेशीर नोंद करून घेतली जाते. स्मृतिभ्रंशामुळे साक्ष आपोआप बाद होत नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येते का, हे न्यायालय ठरवते.

तातडीच्या मदतीसाठी ११२, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि बालकांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. पोलीस येईपर्यंत संशयित काळजीवाहकाला मारहाण करणे हा कुटुंबीयांचा गुन्हा ठरतो, आणि केवळ संशयावरून तिला घरात डांबून ठेवल्यास त्यांच्यावरही कलम १२७ लागू शकते.